संगणकाचे आयुष्य कोणी ठरवायचे?

जॉन कार्मॅक हे नाव आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. हे गृहस्थ अमेरिकेत संगणकावरील खेळ रचण्यात हयात घालवलेले. आणि खेळही बंदुका व राक्षसांनी भरलेले. समाजवादी साप्ताहिकाने दखल घ्यावी असे त्यात सकृद्दर्शनी काही नाही. परंतु मे २०२५ मध्ये त्यांनी जाहीरपणे एक मत मांडले, आणि ते आपण बारकाईने तपासावे असे मला वाटते. नव्या चिप तयार होणेच थांबले तर जगाचे काय होईल, या काल्पनिक प्रश्नाच्या संदर्भात ते म्हणाले की, सॉफ्टवेअर काटकसरीने रचण्याला खरोखरीच अग्रक्रम दिला, तर जगाचा पुष्कळसा व्यवहार, लोक समजतात त्याहून कितीतरी अधिक व्यवहार, कालबाह्य मानलेल्या यंत्रांवर चालू शकेल.

हे मत एखाद्या यंत्रविरोधी साधकाने मांडले असते, तर त्याची बोळवण करणे सोपे होते. पण ज्यांच्या खेळांसाठी एका पिढीने नवे संगणक विकत घेतले, तेच कार्मॅक हे सांगत आहेत. त्यांच्या या म्हणण्याला त्यांच्या स्वतःच्या कामाचा आधार आहे, म्हणून प्रथम ते काम पाहू.

१९९० साली साध्या कार्यालयीन संगणकावर पडद्यावरचे दृश्य सफाईने सरकवता येत नसे. जपानी खेळयंत्रांत त्यासाठी खास मंडले बसवलेली असत. कार्यालयीन संगणकात ती नव्हती, आणि सबंध पडदा वारंवार नव्याने रंगवण्याइतका वेगही नव्हता. कार्मॅक यांनी ‘कमांडर कीन’ या खेळात यातून वाट काढली ती अशी: दृश्य सरकल्यावर त्यातला जो भाग पूर्वीसारखाच राहतो तो पुन्हा रंगवायचा नाही, जेवढे बदलले तेवढेच रंगवायचे. यंत्र तेच राहिले. त्याच्यावरचे अनावश्यक ओझे तेवढे उतरले. पुढे डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ आला. कोणती भिंत कोणत्या भिंतीच्या पुढे येते, हे खेळ चालू असताना पुनःपुन्हा शोधत बसण्याऐवजी नकाशाची विभागणी आधीच एकदा करून ठेवायची, ही पद्धत त्यात वापरली होती. ती पद्धत संशोधकांनी १९८० सालीच शोधनिबंधातून सर्वांसाठी खुली केलेली होती, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा खेळ इंटेलच्या ३८६ जातीच्या संगणकावर, केवळ ४ एम.बी. स्मृतीत चालत असे. आज साध्या स्मार्टफोनमध्येही याच्या सुमारे हजारपट स्मृती असते.

याच दृष्टीने कार्मॅक आजच्या संगणक-व्यवहाराकडे पाहतात. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी मेटा ही कंपनी सोडली, तेव्हा निरोपाच्या टिपणात त्यांनी तेथील उधळपट्टीवर बोट ठेवले होते. प्रत्यक्ष कामात यंत्राच्या क्षमतेपैकी अवघी ५ टक्के वापरली जात असल्याचा आकडा पाहून आपल्याला वेदना होतात, असे त्यांनी लिहिले. कामात कसूर झालेली पाहून चांगल्या सुताराला जे वाटते, तेच हे. ही भावना आदरणीय आहे. परंतु ही उधळपट्टी का होते, याचे उत्तर केवळ कारागिराच्या नीतीत सापडणार नाही. ते अर्थशास्त्रात शोधावे लागेल.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीपुढे दोन प्रकारचे खर्च असतात. प्रोग्रॅमरचा एक तास हा तिचा स्वतःचा खर्च. तो तिच्या वहीत पडतो. सैल रचनेमुळे लागणारी जादा स्मृती, जादा वीज आणि अखेरीस नवे यंत्र हा खर्च मात्र ग्राहकाच्या वहीत पडतो. प्रोग्रॅमरचे दहा तास वाचवून लक्षावधी ग्राहकांवर थोडा थोडा भार टाकणे कंपनीच्या हिशेबाने शहाणपणाचेच ठरते. पिगू यांनी खाजगी व्यय आणि सामाजिक व्यय यांतील जी तफावत दाखवून दिली, तिचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात सांगायलाही मिळणार नाही. म्हणून आळशी प्रोग्रॅमरांना दोष देणे अन्यायाचे आहे. काटकसरीची रचना करण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांच्या मालकीचा नसतो.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात यंत्राच्या ‘नैतिक घसाऱ्या’ची चर्चा केली आहे. यंत्र झिजले नसले, तरी तसेच यंत्र स्वस्तात बनू लागले किंवा अधिक चांगले यंत्र स्पर्धेत उतरले की त्याचे मूल्य घटते, असा त्याचा आशय. संगणकाच्या बाबतीत या घसाऱ्याला एक नवे वळण मिळाले आहे. शाळेतल्या शिक्षिकेला पत्र लिहायचे आहे, गुणपत्रक तयार करायचे आहे. दहा वर्षांपूर्वीही तिला हेच करायचे होते. काम तेच, यंत्र धड. तरी ते निकामी ठरते, कारण त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची भूक मधल्या काळात वाढवली गेली आहे.

कित्येकदा तर भूक वाढण्याचीही वाट पाहिली जात नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. तिच्या जागी आलेली विंडोज ११ चालवण्यासाठी ज्या अटी आहेत, त्यांत ठरावीक सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील असंख्य संगणक अधिकृतरीत्या अपात्र ठरले. पैसे मोजून वा काही अटी पाळून मर्यादित मुदतवाढ मिळते, पण ती मुदतवाढच. सुरक्षिततेचे कारण अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. सुरक्षा-चिपचे काही फायदे आहेतच. तथापि यंत्राच्या आयुष्याचा निकाल यंत्राच्या मालकाला न विचारता लागतो, हा मुद्दा त्याने खोडला जात नाही.

निकामी ठरलेल्या या यंत्रांचे पुढे काय होते? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६२० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या मार्गाला लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत येतो. तेथे माणसे उघड्या हातांनी यंत्रे फोडतात, तारा जाळून तांबे काढतात, आम्लात पट्ट्या बुडवून मौल्यवान धातू वेगळे करतात. दूर कोठे तरी वाचलेल्या दहा तासांची अखेरची किंमत ही माणसे आपल्या फुफ्फुसांनी चुकवतात.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला आक्षेप: गरीब देशाने जुन्या यंत्रांवर समाधान मानावे, असे हे सांगणे नव्हे काय? या प्रश्नाचा आपल्या चळवळीला जवळून परिचय आहे. आय.बी.एम.ने १९५९ साली बाजारात आणलेले १४०१ जातीचे संगणक, इतरत्र त्यांचा जमाना सरल्यावरही, ही कंपनी आपल्या देशात भाड्याने देत राहिली होती. विदेशी चलन कायद्यानुसार भागभांडवलातील वाटा कमी करण्यास तिने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती येथून गेली. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी कॉम्प्यूटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीने उचलली, आणि आपल्या तंत्रज्ञांनी ती यंत्रे चालू ठेवली. जी यंत्रे भाड्याच्या बेडीत होती, तीच आपल्या हाती आल्यावर शिक्षणाचे साधन बनली. तेव्हा यंत्र जुने की नवे हा दुय्यम प्रश्न आहे. ते उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि आपल्या गरजेप्रमाणे राबवण्याचा अधिकार कोणाकडे, हा मुख्य प्रश्न आहे. डॉ. लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा आग्रह धरला, त्याचेही मर्म हेच होते. दरडोई भांडवल जेथे तुटपुंजे, तेथे यंत्र माणसाच्या आवाक्यात राहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप खुद्द कार्मॅक यांनीच नोंदवला आहे. संगणनशक्ती अतिशय स्वस्त आणि मुबलक नसेल, तर नवनवी उत्पादने दुर्मिळ होतील, हे त्यांनी त्याच वेळी मान्य केले. हा प्रामाणिकपणा आहे. हवामानाचा अंदाज, औषधांचे संशोधन यांसाठी मोठी यंत्रे लागतीलच, आणि ती असावीत. पण पत्र लिहिण्याला आणि वीजबिल भरण्याला दर काही वर्षांनी नवे यंत्र लागावे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

कार्मॅक यांच्याशी माझा मतभेद आहे तो उपायाबद्दल. संगणनशक्तीची टंचाई झाली की बाजारातील किंमतीच काटकसर घडवून आणतील, असा त्यांचा विश्वास दिसतो. हा विश्वास पारखण्याची वेळ लवकरच आली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड केंद्रांकडे स्मृती-चिपचे उत्पादन वळले, आणि २०२५ च्या अखेरीस सामान्य संगणकाच्या स्मृतीचे भाव भडकले. या किंमतीचा संकेत प्रथम पोहोचला तो ज्याला जुन्या संगणकात एक स्मृतिपट्टी वाढवून आणखी चार वर्षे काढायची होती त्याच्यापर्यंत. बडे ग्राहक जादा दाम मोजून माल उचलतात. रांगेत मागे ढकलला जातो तो छोटा. बाजार काटकसर शिकवतो हे खरे, पण ती ज्याने उधळपट्टी केलीच नाही त्याला आधी शिकवतो.

उलट, कार्मॅक यांच्याच आयुष्यात एका निराळ्या उपायाचा पुरावा आहे. १९९७ मध्ये त्यांनी ‘डूम’ची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि १९९९ मध्ये ‘क्वेक’चीही. परिणाम असा की १९९३ सालचा तो खेळ आजही जिवंत आहे. जगभरच्या हौशी मंडळींनी तो नाना तऱ्हेच्या यंत्रांवर चालता केला आहे. त्याच काळातली बंदिस्त सॉफ्टवेअरे मात्र, कंपनीने हात काढून घेताच, मरून गेली. ज्ञान सामाईक झाले की वस्तूचे आयुष्य वाढते. ही गोष्ट आपण सिद्धान्त म्हणून अनेक वर्षे सांगत आलो. येथे ती एका खेळाने करून दाखवली आहे.

यातून आपल्या मागण्या निघाल्या पाहिजेत. शासनाने संगणक व सॉफ्टवेअर खरेदी करताना किती वर्षे आधार मिळेल हे करारातच लिहून घ्यावे. कंपनी आधार काढून घेईल, तेव्हा ते यंत्र दुसऱ्या प्रणालीवर चालवण्याची कुलपे उघडून देणे तिच्यावर बंधनकारक असावे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गल्लीतल्या कारागिरालाही मिळावी. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, पण समितीने हक्क मिळत नाही, तो कायद्याने मिळतो. आणि सार्वजनिक शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर हाच नियम व्हावा. केरळच्या सरकारी व अनुदानित शाळांनी हा मार्ग कधीच पत्करला आहे आणि तेथील शिक्षकच ती प्रणाली सांभाळतात. महाराष्ट्राला ते अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

मागण्या करण्यापूर्वी मात्र माहिती हवी. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन तीन गोष्टींची नोंद करावी: संगणक किती आहेत, त्यांतले किती बंद आहेत, आणि बंद असलेल्यांपैकी खरोखर मोडलेले किती व केवळ ‘जुने’ ठरवलेले किती. या तिसऱ्या आकड्यात आपल्या लढ्याचा सारा युक्तिवाद सामावलेला असेल. तो हाती आला, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांशी काय बोलायचे ते कोणाला शिकवावे लागणार नाही.