चित्राचा भाव आणि हाती पडणारी रक्कम

मुदत ठेव असो वा समभाग, पैसे गुंतविण्यापूर्वी आपण दराची कसून चौकशी करतो. चित्र गुंतवणूक म्हणून घेताना मात्र लिलावातील एखाद्या विक्रमी आकड्यावर विसंबणारे पुष्कळ आढळतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकलेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे.

१९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या येथे आदिवासींनी आपल्या पूर्वजकथा फलकांवर रंगविण्यास प्रारंभ केला. त्यातून पुढे मोठी बाजारपेठ उभी राहिली. क्लिफर्ड पॉसम यांचे ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र तेथील कॉमनवेल्थ बँकेने १९७७ मध्ये १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतले. १९९६ मध्ये ते ४० हजारांहून कमी किमतीस विकले गेले आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यासाठी २४ लाख डॉलर मोजले. ही कथा मोहक खरी. परंतु ती एका चित्राची आहे, बाजाराची नव्हे.

एमिली कामे उंग्वारे यांचे ‘अर्थ्स क्रिएशन’ २००७ मध्ये सुमारे १०.५६ लाख डॉलरना, तर २०१७ मध्ये २१ लाख डॉलरना विकले गेले. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने दरसाल जेमतेम सात टक्के! शिवाय लिलावाच्या जाहीर आकड्यात बहुधा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्कही मिळविलेले असते. ते विक्रेत्याला मिळत नाही. त्याच्या वाट्याच्या रकमेतूनही दलाली वजा होते. विमा व जतनाचा खर्च वेगळाच.

म्हणून किमतीची चौकशी करताना त्याच चित्रकाराची, त्याच कालखंडातील, त्याच आकाराची चित्रे कोणत्या भावाने गेली हे पाहावे. किती चित्रे विकली न जाता परत गेली, हे तर अवश्य पाहावे. त्यांची बातमी होत नाही. चित्राच्या उगमाची कागदपत्रे तपासावीत. पॉसम यांच्या नावाने बनावट चित्रे विकल्याबद्दल २००१ मध्ये एका विक्रेत्यास न्यायालयाने दोषी ठरविले होते. ज्याचा उगम सिद्ध होत नाही, ते चित्र स्वस्त नसून निव्वळ जोखमीचे असते.

आणखी एक प्रश्न विचारावा : या किमतीतील किती रक्कम चित्रकारापर्यंत पोहोचली? पापुन्या तुला ही चित्रकारांच्याच मालकीची कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांकडून घेतलेल्या चित्राबरोबर उगमाचा पुरावाही मिळतो. २०१० पासून ऑस्ट्रेलियात कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या, १,००० डॉलर व त्यावरील पुनर्विक्रीवर चित्रकाराला वा त्याच्या वारसांना ५ टक्के स्वामित्वधन द्यावे लागते. काही गुंतवणूकदारांना हा भुर्दंड वाटतो. माझ्या मते तो न्याय्य हिस्सा आहे आणि खरेदीच्या वेळीच तो हिशेबात धरला पाहिजे.

चित्र आवडले म्हणून घ्यावे, भिंतीवर लावावे, त्याचा आनंद घ्यावा. परंतु त्याला गुंतवणूक म्हणावयाचे असेल, तर विक्रमी भावाऐवजी विक्रीनंतर हाती पडणाऱ्या रकमेचाच हिशेब मांडणे इष्ट.