इंजिन खोलण्याआधी फिल्टर खोला

पेरणी तोंडावर आलेली असते. ट्रॅक्टर ओढ धरत नाही, काळा धूर ओकतो. तुम्ही तो तालुक्याला नेता. मिस्त्री दोन मिनिटं आवाज ऐकतो आणि सांगतो, "भाऊ, इंजिन गेलं. लायनर-पिस्टन टाकावं लागंल." वाफसा जाईल या धास्तीनं तुम्ही मान डोलावता आणि बी-खताचा पैसा तिथंच मोकळा होतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते असं.

शेतकरी बंधूंनो, मान डोलावण्याआधी धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. धुळीनं, भुशानं एअर फिल्टर चोंदला किंवा नोझल बिघडलं तरी असा धूर येतो. ऑइलचा फिल्टर असेल, तर खालच्या वाटीतलं ऑइल चिखलासारखं झालंय का बघा. इंजिन गचके खात बंद पडत असेल, तर डिझेल फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा. ही कामं थोडक्यात भागतात. धूर निळसर असेल आणि ऑइल वरचेवर कमी होत असेल, तर मात्र रिंगा-लायनरची शंका घ्यावी. तरीही आधी कॉम्प्रेशन गेज लावून दाखवायला सांगा.

पण सगळा दोष मिस्त्र्याच्या माथी मारून चालणार नाही. त्यानं नुसत्या तपासणीचे पैसे मागितले, तर आपणच म्हणतो, "बघायचे कसले पैसे?" मग त्याची कमाई सुट्या भागांवर येऊन ठेपते. "इंजिन ठीक आहे, फिल्टर बदला," असं सांगणाऱ्याला तपासणीचे पैसे खुशीनं द्या. तो तुमचे हजारो रुपये वाचवतो.

काम सांगताना खर्चाचा अंदाज कागदावर घ्या. विचारल्याशिवाय वाढीव काम नको, हे आधीच बजावा. काढलेले जुने भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या. फसवणूक झालीच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावरही दाद मागता येते. पण हातात बिल नसेल, तर काय दाखवणार?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही एक करावं. पेरणीच्या महिनाभर आधी एक दिवस ठरवून, भरवशाचा मिस्त्री बोलावून गावातले ट्रॅक्टर एकत्र तपासून घ्यावेत. तपासणीचा खर्च मालकांनी वाटून घ्यावा. हातात महिना असला की दुसऱ्या मिस्त्र्याला विचारता येतं. ऐन पेरणीत ती सवड नसते, आणि नको ते काम गळ्यात पडतं ते याच घाईमुळं.

तेव्हा तुमचा ट्रॅक्टर काळा धूर टाकत असेल, तर आज सांजच्याला इंजिन थंड झाल्यावर फिल्टर खोलून बघा.