पदकाच्या कडेवरील नांव

चांदीचें एक वाटोळें पदक. एका अंगास पंचम जॉर्ज बादशहाचें मस्तक. दुसऱ्या अंगास घोड्यावर बसलेला वीर आणि १९१४ व १९१८ हीं सालें. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत अशीं पदकें पुष्कळ घरीं आहेत. कोठें देव्हाऱ्यांत, कोठें ट्रंकेच्या तळाशीं. पाहणारे बादशहाचें तोंड पाहतात, घोडा पाहतात आणि पदक परत ठेवतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तें आडवें धरून त्याची कड वाचावी. तेथें बारीक इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक, हुद्दा, एका माणसाचें नांव आणि त्याची पलटण हीं ठोकलेलीं असतात. पदकाचें खरें मोल त्या कडेवर आहे.

असें कां म्हणतों तें सांगतों. पहिल्या महायुद्धांत सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसापोटेमियांत गेल्या. कूत-अल-अमारा येथें ही फौज जवळजवळ पांच महिने वेढ्यांत उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली, आणि कैदेंत कित्येकांचे प्राण गेले. त्या प्रदेशांत पडलेल्या व ज्यांचें थडगें नाहीं अशा सैनिकांचें स्मारक १९२९ सालीं बसऱ्यास उभारलें. त्यावर इंग्रज अधिकारी व इंग्रज शिपाई यांचीं नांवें कोरलीं; हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं. हिंदी शिपायांचीं मात्र कोरलीं नाहींत. पलटणीच्या नांवाखालीं मेलेल्यांचा आंकडा तेवढा घातला. हा भेदभाव युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ मंडळानें २०२१ सालच्या अहवालांत कबूल केला व क्षमा मागितली. ज्या राज्यानें दगडावर नांव नाकारलें त्यानेंच तें चांदीवर ठोकून घरीं पाठविलें होतें, आणि आम्ही तें वाचलें नाहीं!

कड वाचण्यास थोडी माहिती लागते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर नांव कडेवर नसून सपाट पाठीवर असतें. दुसऱ्या महायुद्धांत तर उलटाच प्रकार झाला. इंग्लंडच्या सैनिकांस मोहिमेचीं पदकें नांवावांचून मिळालीं, हिंदी सैनिकांच्या पदकांवर नांव आलें. त्याहून जुन्या पदकांत ब्रह्मदेशच्या १८८५ ते ८७ च्या मोहिमेपासून शिपायास चांदीचें व भिस्ती, हमाल वगैरे लोकांस ब्रांझचें अशी वांटणी दिसते. ब्रांझचें म्हणून तें हलकें समजूं नये; पाण्याची पखाल वाहणाऱ्याचें नांव इतरत्र सांपडणें फारच कठीण. तसेंच पट्टीचें. २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें मुंबई ग्रेनेडियर्सची दाणादाण उडाली. अफगाणिस्तानच्या पदकावर जिंकलेल्या लढायांच्या पट्ट्या आहेत, मैवंदची नाहीं. तेव्हां पट्टी नाहीं म्हणजे आजोबा लढलेच नाहींत, असा निकाल देऊं नये.

महार समाजाच्या घरांतील पदकें विशेष जपण्यासारखीं आहेत. त्यांची सैन्यभरती सरकारनें १८९० नंतर लौकरच बंद केली व १९१७ सालीं १११ महार पलटण उभारतांना पुन्हां केली. म्हणून तेथील पदक बहुधा फार जुन्या मोहिमेचें, नाहीं तर १९१७ नंतरचें असावयाचें. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करांतून निवृत्त झाल्यावर साताऱ्यास राहिले होते, व ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमरावांचें नांव तेथील शाळेंत दाखल झालें. अशा पेन्शनर घरांचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाहीं.

नांव उतरून घेतलें म्हणजे पुढील शोध सुरू होतो. वर सांगितलेल्या मंडळाच्या नोंदी आतां घरबसल्या पाहतां येतात. पुष्कळदां बापाचें नांव व गांवही मिळतें. येथें सांगलीकरांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या नोंदींत सांगली जिल्हा शोधूं नये. वाळवा, तासगांव, खानापूर हे तालुके तेव्हां सातारा जिल्ह्यांत होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ सालीं निराळा झाला व त्यास सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें. पलटणींचेंही तेंच. ११० मराठा हें नांव १९२२ नंतर आढळत नाहीं, कारण त्या सालीं जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पांचवी मराठा लाइट इन्फंट्री बनविली. शिवाय कारकून कानीं पडेल तसें लिही, आणि एकाच नांवाचे अनेक शिपाई असत. तेथें कडेवरील क्रमांकच माणूस ओळखवितो.

परक्या राज्याचीं हीं बिरुदें आम्हीं कां मिरवावीं, असें कोणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. ज्या सातारा जिल्ह्यांत १९४३ पासून नाना पाटलांचें प्रतिसरकार चाललें, त्याच जिल्ह्याचे तरुण त्याच सुमारास मराठा पलटणींतून इटालींत लढत होते. एकाच जिल्ह्यानें दोन्ही केलें. त्यांतला एक भाग झांकून दुसरा तेवढा सांगणें आम्हांस पसंत नाहीं. मिरवूं नका, पण वाचा. मस्तक बादशहाचें आहे, नांव आमच्या माणसाचें आहे.

आतां विक्रीविषयीं. अडचणींत घरची चांदी मोडणाऱ्यास दोष देणें आम्हांस शोभणार नाहीं. पण त्या युद्धपदकांत चांदी ती केवढी? अडीच-पावणेतीन तोळे. गलाईचा धंदा घेऊन देशभर गेलेले आमच्या खानापूर-आटपाडीकडचे लोक सांगतील कीं, मुशींत तिचें पाणी व्हावयास किती थोडा वेळ लागतो. संग्राहक मोडीहून अधिक पैसे देतो, आणि चांगला संग्राहक नांवाचा शोधही घेतो. त्याच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती कड घांसून जुनें नांव उडविणाऱ्यांविषयीं. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तु परवानगीवांचून परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे, हेंही विकणाऱ्यानें जाणावें.

लाहोरच्या वस्तुसंग्रहालयांत पंजाबच्या सुमारें तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदवह्या वर्षानुवर्षें पडून होत्या. २०२१ पासून त्या लोकांस खुल्या होऊं लागल्या. आमच्या दोन जिल्ह्यांची वही आमच्याच ट्रंकांत विखुरलेली आहे. सातारा तालुक्यांतील अपशिंगे गांव तर घरोघरच्या सैनिकांमुळें मिलिटरी अपशिंगे म्हणूनच प्रसिद्ध आहे. या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या व शेजारच्या घरीं विचारावें, कड भिंगानें पाहावी, आणि अक्षर न् अक्षर जसेंच्या तसें, चुकीचें वाटलें तरी न सुधारतां, उतरून घ्यावें. चिंच किंवा राखुंडी लावून पदक उजळूं नये, अक्षरें झिजतात. शाळेंत वही आणावी, पदक घरींच ठेवावें.