आतडे बदलता येते, व्यवस्था कधी बदलणार?

हृदय बंद पडून मृत्यू झालेल्या दात्याचे आतडे काढून ते १३ महिन्यांच्या मुलीला बसविण्यात माद्रिदच्या ला पाझ रुग्णालयाला यश आले. २०२२ साली जाहीर झालेली ही जगातील पहिलीच अशी शस्त्रक्रिया. त्याच वर्षी चेन्नईत एका ४ वर्षांच्या मुलाला वडिलांच्या लहान आतड्याचा भाग बसविला गेला. विज्ञानाचे स्वागतच आहे. प्रश्न एवढाच की, आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांत कापूस वेचणाऱ्या मजुराच्या लेकराच्या वाट्याला यातले काय येणार?

तान्ह्या बाळाच्या आतड्याला पीळ पडला की बाळ हिरवी उलटी करते. रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडे मरते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर ते वाचू शकते, प्रत्यारोपणाची पाळीच येत नाही. पण गावात साधी उलटी समजून दिवस गेला, तर सेवाग्राम वा नागपूर गाठेपर्यंत सारे संपलेले असते.

आतडे गेले की शिरेतून पोषण, पुढे प्रत्यारोपण आणि जन्मभर औषधे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे वर्षाचे ५ लाख तिथे कसे पुरणार? १९९४ च्या कायद्याने अवयवांचा बाजार बंद केला, हे योग्यच झाले. परंतु उपचाराच्या बाजाराचे काय?

संविधानाचे कलम २१ जगण्याचा अधिकार देते. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार न देणे हा या अधिकाराचा भंग आहे आणि पैशांची अडचण ही सबब होऊ शकत नाही. म्हणून आमची मागणी भिकेची नाही, हक्काची आहे. हिरवी उलटी होणाऱ्या बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून तत्काळ रुग्णवाहिकेने हलवा. जिल्ह्यात बालशल्यचिकित्सक रात्रंदिवस उपलब्ध ठेवा. प्रत्यारोपणाचा आणि नंतरच्या औषधांचा संपूर्ण खर्च शासनाने उचलावा.

जबाबदारी आपलीही आहे. दान ही पहिली पारमिता. मेंदूमृत नातेवाइकाचे अवयव देण्याचा निर्णय बौद्ध कुटुंबांनी पुढे होऊन घ्यावा. अवयवाला जात नसते.

बाबासाहेब आणि माता रमाईंनी चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. ते दुःख जाणणाऱ्या समाजाने आज कोणाचेही लेकरू गरिबीपायी मरू देता कामा नये.

जय भीम!