खुर्चींतील माणूस आणि घरांतील मांजर

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आलें. वय सत्तरीच्या पुढें. गुडघ्यांनीं असहकार पुकारलेला. चार पावलें टाकावयाचीं तर वॉकरचा आधार घ्यावा लागतो. मुलगा व सून कचेरींत, नातवंडें शाळेंत. दुपारच्या प्रहरीं तिसऱ्या मजल्यावरील त्या घरांत माणूस एक व मांजर एक. हें मांजर अलीकडे सांजावलें कीं पडद्याआड दबा धरून बसतें आणि बाई उठल्या रे उठल्या कीं त्यांच्या घोट्यावर झडप घालतें. ‘मांजर देऊन टाकावें’ असें घरांत बोललें जात आहे. बाई विचारतात, ‘तें गेलें तर दुपारीं मीं बोलावें कोणाशीं?’

घरांतील मंडळींची भीति खोटी नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २००१ ते २००६ या काळांत कुत्र्यामांजरांमुळें पडून दुखापत झालेल्यांची संख्या वर्षाकांठीं सरासरी ८६ हजारांवर दिली आहे. त्यांत मांजरांचा वांटा सुमारें १२ टक्के. आणि हाड मोडण्याचें प्रमाण पंचाहत्तरीच्या पुढील माणसांत सर्वाधिक. म्हणजे सून बोलते ती सासूच्या काळजीनेंच बोलते. परंतु मांजर घालविणें हा एकच उपाय आहे काय? आमच्या मतें नाहीं.

मांजर दुष्ट झालेलें नाहीं. तें रिकामें आहे. अमरकोशांत त्याला जीं नांवें दिलीं आहेत त्यांत ‘मार्जार’ व ‘आखुभुक्’ हीं दोन आहेत. पहिलें ‘मृज्’ म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें या धातूवरून आलेलें. दुसऱ्याचा अर्थ उंदीर खाणारें. बंद घरांतील मांजराला अंग चाटण्याचा उद्योग उरतो, शिकारीचा मात्र नाहींसा होतो. शाळेंत ज्या मुलाला काम नसतें तोच पुढच्याच्या दप्तराचा पट्टा बाकाला बांधून ठेवतो, हें कोणताही शिक्षक सांगेल. दिवसभरांत हलणारी वस्तु एकच दिसत असेल, व ती आजीबाईंचा घोटा असेल, तर आखुभुकानें दुसरें काय करावें?

तेव्हां त्याला शिकार पुरवावी, आणि ती खुर्चींत बसल्या बसल्या पुरवितां येते.

प्रथम वेळापत्रक. मांजर दिवसांतून बारा ते सोळा तास झोपतें. त्याची खरी हुशारी पहाटे व सांजवेळीं. म्हणून सकाळीं व दिवेलागणीच्या सुमारास दहा दहा मिनिटांचे दोन तास ठेवावेत व ते चुकवूं नयेत. तासभर एकदांच दमविण्यापेक्षां हें नेमस्त खेळणें बरें. दबा धरणें, झडप घालणें, पकडणें, खाणें, अंग चाटणें व झोपणें हा त्याचा क्रम. म्हणून खेळाच्या शेवटीं हातास लागेल असें कांहीं त्याला पकडूं द्यावें व लगेच खावयास घालावें. लेझरचा लाल ठिपका नाचविण्याची टूम आज पुष्कळ घरांत आहे. परंतु तो ठिपका कधींच हातीं लागत नाहीं, व डोळ्यांत गेल्यास अपाय करतो. तो न वापरलेलाच बरा.

साधन म्हणून दोन हात लांबीची वेताची छडी घ्यावी. तिच्या टोंकास दोरी व दोरीला कापडाची चिंधी किंवा पीस बांधावें. (छडीचा एवढा सदुपयोग आम्हीं शाळेंत कधीं पाहिला नाहीं.) चिंधी मांजराच्या नाकावर नाचवूं नये, उंदीर कांहीं मांजराच्या तोंडाकडे धांवत नाहीं. ती त्याच्यापासून दूर, खुर्चीच्या पायाआड सरकत न्यावी, क्षणभर थांबवावी, पुन्हां हलवावी. यांत मनगट हलतें, गुडघा नाहीं.

दुसरें साधन याहून सोपें. कापडाच्या ताग्याच्या आंत पुठ्ठ्याची लांब नळी असते; ती दुकानदार आनंदानें देतो. तिचें एक टोंक खुर्चीच्या हाताला बांधावें व दुसरें जमिनीवर टेकवावें. वरून कोरड्या खाद्याचा एक दाणा सोडला कीं तो खालीं घरंगळत जातो व मांजर त्यामागें धांवतें. न वांकतां वीस दाण्यांची वीस वेळां शिकार होते. हे दाणे रोजच्या शिध्यांतूनच मोजून काढावेत, नाहींतर मांजर लठ्ठ होईल.

खेळणीं सर्व एकदम मांडूं नयेत. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, मांजर तेंच तें खेळणें विटून सोडून देतें, पण निराळें दिसणारें दुसरें पुढें येतांच पुन्हां हुरूपानें खेळूं लागतें. म्हणून दोन बाहेर व चार पेटींत असा फेरपालट करावा. पुठ्ठ्याचें रिकामें खोकें हेंही उत्तम खेळणें होय. हात व पाय मात्र खेळणें म्हणून कधींही देऊं नयेत. म्हातारपणीं कातडी पातळ होते व ओरखडा लवकर बरा होत नाहीं.

जपानांतील संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून मांजर आपलें नांव इतर शब्दांहून वेगळें ओळखतें असें दिसून आलें. तेव्हां त्याला हांकेला येण्यास शिकवावें: नांव घ्यावें, तें जवळ आलें कीं तत्क्षणीं दाणा द्यावा. मग त्याला शोधण्यासाठीं पलंगाखालीं डोकावण्याची पाळी येत नाहीं.

खिडकीपाशीं एक उंच बैठक असावी. रस्ता, पांखरें व पाऊस पाहण्यांत त्याची दुपार सुखानें जाते. मात्र खिडकीस व गॅलरीस पक्की जाळी हवी. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनीं १९८७ सालीं इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली आहे. मांजर पडत नाहीं हा भरंवसा नको. तसेंच दोरी, लोकर, शिवणाचा दोरा खेळ संपतांच खणांत बंद करावा. गिळलेला दोरा आंतड्यांत अडकून प्राणावर बेततो.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या घरांत स्पष्ट बोलली पाहिजे. दूधभातावर मांजर जगत नाहीं. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याला मांसांतूनच मिळतें. त्याच्या अभावीं त्याचे डोळे व हृदय बिघडतें. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांना दूधही पचत नाहीं. घरांत सामिष शिजवावयाचें नसेल तर मांजरांसाठीं केलेलें तयार खाद्य, ज्यांत टॉरिन असतें, तें आणावें व त्याची वाटी वेगळी ठेवावी. आपला आचार आपण पाळावा. त्या मुक्या जीवाला त्याचा धर्म सोडावयास लावूं नये.

आतां घोट्याचें. खुर्चींतून उठण्यापूर्वीं पांच दाणे नळींतून सोडावेत किंवा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यांत फेंकावेत. मांजर तिकडे गुंतलें म्हणजे मगच वॉकर धरून उठावें. हा नियम एकदांही मोडूं नये. मांजराच्या गळ्यांत दाब पडतांच सुटणारा पट्टा व लहानशी घंटा असावी. तें कोठें आहे तें ऐकूं येतें. रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा जळूं द्यावा.

कुटुंबानेंही आपला वांटा उचलावा. मलपात्र साफ करणें व पाण्याचें भांडें भरणें हें वांकण्याचें काम तरण्या माणसाचें. नातवानें शाळेस जातांना दहा दाणे घरभर लपवावेत. त्यांचा शोध घेण्यांत मांजराची सकाळ जाते व नातवालाही मौज वाटते. आजी चार दिवस दवाखान्यांत राहिल्या तर मांजराकडे कोणीं पाहावयाचें, हें आजच ठरवून कपाटाच्या दारावर लिहून ठेवावें.

एवढें महिनाभर नेमानें करावें, व मगच मांजर ठेवावें कीं द्यावें याचा विचार करावा. इतर घरांतील वडीलधाऱ्यांनीं आपले प्रयोग कळविले तर आम्ही त्यांस पुढील अंकीं अवश्य जागा देऊं.