आंबोलीच्या रानांत छायाचित्रें घेण्यास जातांना

अलीकडे तरुण मंडळींत वन्य प्राण्यांची छायाचित्रें घेण्याचा नाद फार वाढला आहे. पत्ते कुटण्यापेक्षां तो शतपट बरा, असें आमचें मत आहे. आमच्या पुतण्याच्या चिरंजिवांनीं आंबोलीचा बेत आंखून सामानाची यादी आम्हांस दाखविली. तींत लेन्सांचीं नांवें सहा आणि प्राण्याचें एकहि नाहीं! काय पाहावयाचें हें ठरल्यावांचून केव्हां निघावयाचें हें कसें ठरणार?

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाला ७००० मिलिमीटरांच्या आसपास. वाघ दिसेल या आशेनें तेथें कोणीं जाऊं नये. तेथील वैभव बोटाएवढें आहे. २००९ सालीं स्वतंत्र जाति म्हणून वर्णिलेला आंबोलीचा भेक पहिला पाऊस पडतांच जांभ्या खडकाच्या सड्यावर, बोट बुडेल न बुडेल अशा डबक्यांत अंडीं घालतो. हा सोहळा थोड्या दिवसांत उरकतो. उडत्या बेडकाची गोष्ट निराळी. त्याचें फेंसाचें घरटें पाण्यावर झुकलेल्या पानांत असतें आणि त्यांतून पिलें खालीं पाण्यांत पडतात. त्यासाठीं पाऊस चांगला मुरावा लागतो. तेव्हां भेक हवा असेल तर जूनचा आरंभ, उडता बेडूक हवा असेल तर पुढचे दिवस. रविवार मात्र टाळावा. धबधब्यापाशीं माणसांचीच छायाचित्रें मिळतात.

यादीच्या तळाशीं एक वाक्य होतें, त्यानें आम्ही अस्वस्थ झालों. कोणी वाटाड्या ठराविक रकमेंत हिरवा चापडा पकडून सोईच्या फांदीवर 'बसवून देणार' होता. आम्ही विचारलें, "बाळ, हें छायाचित्र कीं नाटक?" चापडा विषारी आहे ही गोष्ट निराळीच, पण संरक्षित प्राणी पकडणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. बेडकाचेंहि तसेंच. त्याची त्वचा ओलसर व पातळ. हातास लावलेलें डांसांचें औषध तींतून थेट अंगांत भिनतें. शिवाय सड्यावर चित्राच्या नादांत एक पाऊल मागें सरलें, कीं पायाखालीं एक पिढीच जावयाची. म्हणून विजेरीचा उजेड आधीं स्वतःच्या पायांपुढें, मग झाडावर. रात्रीं मोटार अगदीं सावकाश हांकावी. पावसांत बेडूक रस्त्यावर येतात.

हिरण्यकेशीच्या उगमींहि जावें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें सूत्रच हिरण्यकेशी असल्यानें हें नांव त्यांस घरचें वाटेल. तेथील एका लहान माशास २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं नदीचेंच नांव दिलें, आणि २०२१ मध्यें सरकारनें तें स्थळ जैवविविधता वारसा म्हणून जाहीर केलें. तेथें पाण्यांत उतरूं नये, पिठाच्या गोळ्याहि टाकूं नयेत.

सामानाविषयीं थोडेंच. यंत्र गार मोटारींतून एकदम बाहेर काढल्यास कांचेवर बाष्प धरतें. तें कांहीं वेळ पिशवींतच राहूं द्यावें. झगझगाटी दिव्यापुढें पांढरें पातळ फडकें धरावें. छत्री धरणारा सोबती मात्र दुसऱ्या लेन्सेहून मोलाचा.

चिरंजिवांनीं तो वाटाड्या रद्द केला. सावंतवाडी स्टेशनापर्यंत आगगाडीचीं तिकिटें काढलीं आहेत, सोमवार ते गुरुवार. छत्री धरावयास त्यांची धाकटी बहीण जाणार आहे.