‘आशियाची भिंत’: एका आक्षेपाचे निराकरण

जपानचे निवृत्त बचावपटू मासामी इहारा यांच्या ‘आशियाची भिंत’ या बिरुदाविरुद्ध पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी घेतलेली प्रतिपक्षाची बाजू, असा मांडता येतो: १९९३ मध्ये दोहा येथे अखेरच्या क्षणी विश्वचषकाची पात्रता हुकली आणि १९९८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली जपान तिन्ही सामने हरला, तेव्हा ही भिंत ऐन वेळी ढासळणारीच होती.

दोहात इराकविरुद्ध जपान २-१ असा पुढे असताना, भरपाईच्या वेळेत, इराकने कॉर्नरचा चेंडू गोलसमोर न उंचावता जवळच्या सहकाऱ्याकडे सरकवला, तेथून आलेल्या क्रॉसला इराकच्या ओमरानने डोके लावले आणि गोलरक्षक जागीच खिळलेला असताना चेंडू जाळ्यात गेला. तो गोल अडला असता तर जपान पात्र ठरला असता, हे मान्यच आहे. परंतु दक्षिण कोरियाशी गुण समान झाल्याने निर्णय गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करून, झाला. पात्रता फेरीच्या पाच सामन्यांत दोन्ही संघांनी चारचारच गोल स्वीकारले होते. कोरियाने केले नऊ, जपानने सात. अव्वल ठरलेल्या सौदी अरेबियाने तर सहा स्वीकारले होते. उणीव आक्रमणाची असताना ती बचावाच्या माथी मारणे न्याय्य नाही.

१९९८ च्या पराभवांचेही तसेच आहे. इहारा तेव्हा लिबेरो, म्हणजे बचावफळीच्या मागे राहून सुटलेला चेंडू आवरणारे खेळाडू होते. जमैकाविरुद्ध दोन गोल स्वीकारावे लागले, हे नाकारता येत नाही. पण अर्जेंटिनाला आणि पुढे तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाला प्रत्येकी एकच गोल करता आला, तर जपानला तीन सामन्यांत मिळून एकच.

आता मंडन, म्हणजे स्वतःच्या बाजूचे समर्थन. बचावपटूने टाळलेला गोल गुणफलकावर उमटत नाही, म्हणून त्याची कसोटी एका क्षणात नव्हे, सातत्यात शोधली पाहिजे. मूळचे आघाडीपटू असलेले इहारा त्सुकुबा विद्यापीठात बचावाकडे वळले, १९९२ मध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होते, १९९५ मध्ये आशियातील सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि १९८८ ते १९९९ या काळात देशासाठी १२२ सामने खेळले. तो राष्ट्रीय विक्रम २०१२ पर्यंत टिकला. डच ऊफ्ट, ब्राझीलचे फाल्काओ, जपानचे कामो व ओकादा या प्रशिक्षकांच्या खेळविषयक धारणा भिन्न होत्या, तरी प्रशिक्षक बदलले आणि इहारा राहिले. संघ उभा करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनीच वारंवार दिलेली ही साक्ष दोहाच्या एका क्षणापेक्षा निःसंशय वजनदार आहे.